बाक, काठ आणि बँक

पैठणच्या नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची पिके त्याच्या पाण्याच्या पाळीवर अवलंबून असतात. गावात त्याला डावा कालवा म्हणतात, बहुतेकदा नुसतेच ‘कॅनॉल’. सरकारी कागदांवर मात्र त्याचे इंग्रजी नाव आहे ‘पैठण लेफ्ट बँक कॅनॉल’. हे नाव वाचून सहावीतल्या मुलाने “हा कॅनॉल कोणत्या बँकेचा?” असे विचारले, तर घरातली मोठी माणसे हसतात. खरे तर हसू नये. ज्या मुलाने ‘बँक’ म्हणजे पैसे ठेवायची जागा एवढेच ऐकले आहे, त्याने दुसरे काय विचारावे? उलट त्याला प्रश्न पडला, हेच चांगले लक्षण.

इथे ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ. नदीचा डावा काठ कोणता, हेही एकदा सांगून ठेवायला हवे. नदी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिले की आपल्या डाव्या हाताला येतो तो डावा काठ. गोदावरी आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणून तिचा डावा काठ उत्तरेचा. परभणीहून गंगाखेडला जाताना गोदावरीचा पूल ओलांडला की गाव येते, म्हणजे परभणी डाव्या अंगाला आणि गंगाखेड उजव्या काठाला. नदीकाठच्या माणसाला हे डावे-उजवे फारसे लागत नाही. तो ‘अलीकडची थड’ आणि ‘पलीकडची थड’ म्हणतो आणि त्याचे काम भागते.

शाळेच्या गाईडात या शब्दापुढे दोन अर्थ छापलेले असतात : पेढी, काठ. मध्ये एक स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामाच्या पोटात काय दडले आहे, ते गाईड सांगत नाही. पैशांचा आणि नदीचा काय संबंध, हे न कळल्यामुळे मुलगा पहिला अर्थ पाठ करतो आणि दुसरा परीक्षा संपताच विसरतो. मग कधीतरी ‘होडी बँकेला लागली’ असे भाषांतर होते, वर्ग हसतो आणि त्या मुलाच्या मनात इंग्रजीची धास्ती कायमची बसते.

माझी तीस-बत्तीस वर्षे बँकेत गेली. या शब्दाने मला पगार दिला आणि पेन्शनही तोच देतो आहे. त्यामुळे त्याची कुळकथा सांगायचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

उत्तर युरोपातल्या जुन्या भाषांमध्ये या शब्दाचे मूळ सापडते. तिथे त्याचा अर्थ साधारण असा, की आजूबाजूपेक्षा जरा उंच असलेली, वर टेकता येईल अशी जागा. या मुळापासून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने मातीचा उंचवटा आला. पाण्याच्या कडेला जमीन उचललेली असते, म्हणून नदीचा काठ म्हणजे ‘बँक’. काठावर मुद्दाम माती चढवून केलेला बांध किंवा भराव, तो ‘एम्बँकमेंट’. दुसऱ्या वाटेने लाकडाचा उंचवटा आला, म्हणजे बसायचे किंवा समोर मांडायचे बाक. इंग्रजीतला ‘बेंच’ याच घरातला. इटलीतल्या बाजारपेठांमध्ये नाणी बदलून देणारे व्यापारी असे बाक मांडून बसत. त्या बाकाला इटालियन भाषेत ‘बांका’ म्हणत. हळूहळू बाकावर चालणाऱ्या व्यवहारालाच बाकाचे नाव मिळाले, आणि फ्रेंचमार्गे ते पंधराव्या शतकात इंग्रजीत पोहोचले.

म्हणजे नदीची बँक आणि पैशांची बँक हे एका आजोबांचे दोन नातू. एक नदीकाठी राहिला, दुसरा बाजारात गेला. त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की इंग्रजी शब्दकोश त्यांना स्वतंत्र नोंदी देतात. पण मुळातले चित्र एकच आहे : जरा उचललेली जागा. दिवाळखोराला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात, त्यातही हेच बाक आहे, फक्त मोडलेले. व्यापारी बुडाला की त्याचे बाक खरोखर फोडून टाकत, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, शब्दात मोडके बाक आहे हे नक्की. आपल्याकडे त्याच माणसाचे ‘दिवाळे निघते’. बुडालेला व्यापारी दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवी, असे जुने लोक सांगतात. दोन देशांनी एकाच दुःखाची दोन चित्रे काढली.

आणि आता यातली खरी गंमत. आपली मुले शाळेत ज्या बाकावर बसतात, तो ‘बाक’ हा शब्द अभ्यासकांच्या मते पोर्तुगीजांकडून मराठीत आला. पोर्तुगीज भाषेत ‘बांको’ म्हणजे बाक, आणि ‘बांको’ म्हणजेच बँक. निवृत्तीनंतर गोदाकाठच्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो, तेव्हा हे सांगितले. मागच्या रांगेतली एक मुलगी पटकन उठून म्हणाली, “म्हणजे सर, आमी रोज बँकेतच बसतोत की!” वर्ग हसला, पण ते हसणे निराळे होते. त्या मुलीला हा शब्द आता जन्मात विसरायचा नाही.

शब्दाचा जो पहिला, डोळ्यांना दिसणारा अर्थ असतो, त्याला आपल्या व्याकरणात वाच्यार्थ म्हणतात. त्याच्या आधाराने पुढे निघणारा तो लक्ष्यार्थ. नावे जड आहेत, गोष्ट सोपी आहे. ‘आम्ही ज्वारी खातो’ असे आपण म्हणतो, तेव्हा कुणी कणसाला दात लावून बसत नाही. ‘बाबा ताटावर बसलेत’ असे ऐकून पाहुणा घाबरून आत धावत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात तर यासाठी शेकडो वर्षे एकच उदाहरण चालत आले आहे : ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’. गंगा म्हणजे वाहते पाणी. पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणून ऐकणारा मनातल्या मनात ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ करून घेतो. बघा, तिथेही अडले होते ते काठापाशीच. आपल्या भागात गोदावरीलाच गंगा म्हणतात, आणि गंगाखेड हे नाव आपण रोज घेतो. गंगेतले खेडे नव्हे, गंगेच्या काठचे खेडे, हे परभणीतल्या कोणत्याही लेकराला शिकवावे लागत नाही.

सांगायचे आहे ते हेच. एका शब्दाच्या दोन-चार अर्थांनी गांगरून जावे, अशी आपली मुले मुळीच नाहीत. ती जन्मापासून मराठीत हेच करत आली आहेत. ‘काठ’ घ्या. नदीला काठ असतो आणि लुगड्यालाही असतो. घागर काठोकाठ भरते. पस्तीस मार्क मिळवणारा काठावर पास होतो. ‘गादी’ घ्या. गादी म्हणजे झोपायची किंवा बसायची. पण सावकाराची गादी म्हणजे त्याचा सगळा व्यवहार, मठाची गादी म्हणजे गुरुपरंपरा आणि साताऱ्याची गादी म्हणजे राज्य. इटलीत सावकार बाकावर बसला, म्हणून बाकाची बँक झाली. आपल्याकडे तो गादीवर बसला, म्हणून गादीची पेढी झाली. माणसे सगळीकडे सारखाच विचार करतात.

‘पीठ’ हा तर त्याहून बोलका शब्द. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यातले ‘पीठ’ म्हणजे आसन, बसायची जागा. व्यासपीठ, धर्मपीठ, शक्तिपीठ, सगळीकडे तेच. १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, त्यातही तेच. इंग्रजीत त्याला ‘बेंच’ म्हणतात. म्हणजे पुन्हा बाकच. आणि आईच्या परातीतले ज्वारीचे पीठ? ते संस्कृतातल्या ‘पिष्ट’ या शब्दापासून आलेले, त्याचे गोत्र अगदी वेगळे. आवाज एक, शब्द दोन. तरी विद्यापीठात भाकरीचे पीठ मळतात असे कोणत्याही मुलाला वाटत नाही. ज्याला ही दोन पिठे वेगळी ओळखता येतात, त्याला इंग्रजीतल्या दोन बँका ओळखायला काय अवघड आहे?

मूळ चित्र मनात पक्के झाले की पुढचे अर्थ आपोआप हाताला लागतात. क्षितिजावर ढगांचा उंच थर दिसला की इंग्रजी त्याला ढगांची ‘बँक’ म्हणते, तो काठासारखा उचललेला असतो म्हणून. भिंतीवर बटणांची ओळ असली तर तीही ‘बँक’, बाकांच्या रांगेसारखी. पैशांच्या बँकेचा अर्थही असाच पुढे सरकतो. बँकेत आपण काय करतो? जवळ आहे तेव्हा ठेवतो, लागेल तेव्हा काढतो, आणि मधल्या काळात ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. हे जिथे जिथे घडते तिथे हा शब्द जातो. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवून ठेवायची व्यवस्था केली आणि तिला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. मराठीने त्याचे सुरेख भाषांतर केले : रक्तपेढी. पैशांच्या व्यवहारातून मागे पडत चाललेला आपला ‘पेढी’ हा शब्द तिथे नव्याने कामाला लागला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले. त्यांच्या ‘बीज बँके’ची दखल देशाने घेतली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बँकेत रुपया नाही, पण ठेव आहे, काढणे आहे आणि वाढही आहे.

आणि सगळ्यांत पुढचा अर्थ. एखाद्या माणसाबद्दल इंग्रजीत ‘त्याच्यावर बँक करा’ असे म्हणतात, म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवा. बाकापासून निघालेला शब्द भरवशापर्यंत पोहोचला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा अर्थ सर्वांत मोठा वाटतो. तिजोरी, पासबुक, शिक्का हे सगळे त्या भरवशासाठीच असते.

पण हा भरवसा शब्द न कळण्यापायी कसा तुटतो, तेही मी पाहिले आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका शाखेत मी शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. दिवाळीनंतर एक म्हातारे कास्तकार नातवाला घेऊन आले. नातू नववीत. त्यांच्या हातात दोन पत्रे होती. दुसरे मराठीत, थकबाकीची नोटीस. पहिले उन्हाळ्यात आलेले, इंग्रजीत छापलेल्या नमुन्यातले. त्यात खात्यावर इतके रुपये ‘आउटस्टँडिंग’ आहेत, असे लिहिले होते. घरात इंग्रजी येणारा एकटा नातूच. त्याच्या गाईडात ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे ‘उत्कृष्ट’. शाळेत हुशार मुलाच्या वहीवरही गुरुजी तेच लिहीत. त्याने आजोबांना सांगितले, “आबा, आपलं खातं एकदम उत्कृष्ट हाय म्हणत्यात.” घरात आनंद झाला. कापसाचे शिल्लक राहिलेले पैसे हप्त्याला न देता विहिरीच्या गाळात आणि बांधकामात घातले. त्यावर चार-सहा महिन्यांचे व्याज चढले, वर दंडव्याज.

मुलगा खाली मान घालून उभा होता. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरानं खोटं नाई सांगितलं, सायेब. पुस्तकात व्हतं तेच सांगितलं.”

हप्ते पाडून दिले, ते पुढे फिटलेही. पण म्हाताऱ्याचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण ते शब्दशः खरे होते. त्या शब्दाचे मूळ चित्र कुणी मुलाला दाखवले असते तर? ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे बाहेर उभे असलेले. वर्गाच्या रांगेतून जो उठून दिसतो तो बाहेर उभा, म्हणून उत्कृष्ट. आणि जे पैसे अजून घरात आले नाहीत, बाहेरच उभे आहेत, ती येणे बाकी. चित्र एक, अर्थ दोन. हे माहीत असते तर बँकेच्या कागदावर कोणता अर्थ बसेल, हे त्या चुणचुणीत मुलाने क्षणात ओळखले असते. त्याच्याजवळ अक्कल होती. त्याला मिळालेली यादी अपुरी होती.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीतला कागद उर्दूत असे, माझ्या वडिलांच्या पिढीची शाळाही उर्दूतली. नंतर राज्य बदलले, १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. बँकांचे कागद मात्र बराच काळ इंग्रजीतच राहिले. १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेड्यांपर्यंत आल्या आणि सावकाराच्या गादीपुढे बसणारा शेतकरी काउंटरपुढे उभा राहिला. पाट्याही बदलल्या. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बँकांनी ग्राहकांचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत ठेवावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि तो चांगला आहे. तरी मोबाइलवर येणारा संदेश, विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरातल्या अटी, मंजुरीपत्राचे मागचे पान इथे अजून इंग्रजी भेटतेच. सही किंवा अंगठा मात्र आपल्या माणसाचा असतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. कित्येकांची स्वतःची मुले शाळेत जातात. अक्षरओळख झाली, शब्दांच्या याद्याही पाठ झाल्या. पण भाषा यादीने येत नाही. यादी पाठ असलेला मुलगा परीक्षेत निभावून जातो आणि कागदापुढे अडतो.

यासाठी मोठी शिकवणी लागत नाही. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर घरातल्या घरात होण्यासारखे हे काम आहे. मुलाच्या पुस्तकातला एखादा नवा शब्द घ्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. याची डोळ्यांपुढे येणारी वस्तू कोणती? ती वस्तू काय काम करते किंवा कशी दिसते? आणि असेच काम, असेच रूप आणखी कुठे दिसते? इंग्रजीत ‘ब्रँच’ म्हणजे झाडाची फांदी. फांदी खोडातून फुटते आणि खोडाशी जोडलेली राहते. मग नदीचा फाटा, रेल्वेचा फाटा, बँकेची शाखा, इंजिनीअरिंगची ‘ब्रँच’ हे सारे त्यातून निघते. आपला ‘शाखा’ हा शब्दही मुळात फांदीच आहे, हे सांगितले की मूल चकित होऊन पाहते. ‘रूट’ म्हणजे मूळ. रोगाचे मूळ आणि भांडणाचे मूळ आपण मराठीतही शोधतोच. ‘फील्ड’ म्हणजे शेत. पण माणूस कोणत्या ‘फील्ड’मध्ये आहे असे विचारतात, तेव्हा त्याच्या कामाचे क्षेत्र विचारतात, आणि ‘क्षेत्र’ म्हणजे तरी दुसरे काय? शेतच.

यात आई-वडिलांना इंग्रजी यायलाच हवे असेही नाही. चित्रे तर त्यांच्याजवळ मुलांपेक्षा जास्त आहेत. खेड्यातल्या आजीला बांध म्हणजे काय हे जितके ठाऊक असते, तितके शहरातल्या मास्तरांनाही नसेल. तिला बांधावरचे भांडण माहीत असते, बांधाला बांध लागून असलेला शेजार माहीत असतो आणि लेकीला निरोप देताना फुटलेला बांधही. शब्द एका जागेवरून दुसरीकडे कसा जातो, हे तिने जगून पाहिलेले असते. मुलाने इंग्रजी शब्द आणावा, आजीने त्याच्या शेजारी आपला शब्द ठेवावा. दोघांच्या मध्ये जे उजळेल, ते कोणत्याही गाईडात छापलेले नाही.

परभणीच्या मुलांना इंग्रजी जड जाते, असे आपण फार सहज बोलून टाकतो. जड जाते ती उघडून न दाखवलेली यादी. गंगाखेड हे गाव गंगेत नाही, गंगेच्या काठी आहे, हे ज्या लेकराला कुणी न सांगता कळते, त्याला ‘बँक’ही कळेल, ‘आउटस्टँडिंग’ही कळेल. आणि उद्या घरात एखादा कागद आला, तर आजोबांनी ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा माणूस तेच असेल.